सोसायटीची फोनयादी: पीडीएफ नको, एकच शीट ठेवा

फोनयादीची पीडीएफ व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडली की तिच्या प्रती घरोघरी होतात, आणि लिफ्टमध्ये कोणी अडकलं की नेमकी दोन वर्षांपूर्वीची प्रत उघडली जाते. म्हणून यादी एकाच गूगल शीटमध्ये ठेवावी आणि ग्रुपवर फक्त लिंक द्यावी. बदल करण्याचा अधिकार सेक्रेटरी आणि आणखी एकाला, बाकीच्यांना नुसतं बघता येईल असं. लिंक मिळेल त्या कोणालाही उघडता येईल, अशी शीट मात्र ठेवू नका. सभासदांचे ईमेल एकदाच टाकायचे कष्ट घ्या.

फ्लॅट, मालक, राहणारे, मोबाइल हे रकाने सगळेच करतात. राहून जातो तो 'शेवटची खात्री' हा तारखेचा रकाना. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग रिंग वाजते, फोन उचललाही जातो, पण तिकडे भलताच माणूस असतो. भाडेकरूच्या ओळीत करार संपण्याची तारीखही हवी; बहुतेक करार ११ महिन्यांचे असतात.

खरा घोळ नंबर टाइप करताना होतो. '+९१' लिहून मधे जागा सोडली की शीट त्याला सूत्र समजते आणि एरर दाखवते. जागा न सोडता लिहिलं तर अधिकचिन्ह गळतं आणि १२ आकडी संख्या उरते. तीच फाइल एक्सेलमध्ये उघडून सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केली, तर ९.१९E+११ असलं काहीतरी जतन होतं आणि मूळ आकडे कायमचे जातात. म्हणून भारतातले नंबर फक्त १० आकडी लिहा आणि 'डेटा व्हॅलिडेशन'मध्ये ६०००००००००  ते ९९९९९९९९९९ ही मर्यादा घालून 'रिजेक्ट द इनपुट' हा पर्याय निवडा. एखादा आकडा कमी-जास्त झाला की शीट तो घेणारच नाही. परदेशातल्या मालकांसाठी वेगळा रकाना करून त्याचं फॉरमॅट आधी 'प्लेन टेक्स्ट' करा.

सॉर्ट करताना एकच रकाना निवडला तर नावं हलतात आणि नंबर जागेवरच राहतात. हे लवकर लक्षातही येत नाही. 'सॉर्ट शीट'च वापरा. तरी बिघडलंच, तर फाइल मेन्यूतल्या 'व्हर्जन हिस्ट्री'तून आदल्या दिवसाची शीट परत आणता येते.

सभासदांकडून बदल गूगल फॉर्मवर मागवणं सोयीचं. पण फॉर्म जुनी ओळ बदलत नाही, खाली नवी जोडतो. त्यामुळे उत्तरं वेगळ्या टॅबमध्ये येऊ द्या आणि मुख्य यादीत हातानेच उतरवा. एवढं काम कोणीतरी दर महिन्याला करायलाच हवं. वार्षिक सभेची नोटीस काढण्याआधी 'शेवटची खात्री' जुनी असलेल्या ओळी फिल्टर लावून शोधा आणि त्या घरांना फोन करा. 'आय' (I) नमुन्यातलं सभासद रजिस्टर कायद्याने वेगळं ठेवावंच लागतं, ही शीट त्याला पर्याय नाही.

वॉचमनच्या केबिनसाठी फ्लॅट आणि एकच नंबर एवढंच छापा, वर तारीख टाका आणि नवा कागद लावतानाच जुना फाडून टाका.