आमची वाटचाल: 200 गेज आणि 60 दिवस

पुण्यातल्या नऱ्ह्याच्या गाळ्यात प्लास्टिक पिशव्यांची फिल्म काढायचं पहिलं मशीन उतरलं ते भोसरीहून, सेकंडहँड. पैसे माझे आणि मेहुण्याचे, कर्ज मेहुण्याच्या नावावर. प्लास्टिकचा दाणा हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या नरसाळ्यात ओतायचा, वितळलेल्या प्लास्टिकचा फुगा, म्हणजे बबल, वर चढला की तो दाबून चपटा करणाऱ्या निप रोलमध्ये घालायचा, हे त्यानेच मला एका रात्रीत शिकवलं. लाइट गेली की बबल कोसळायचा आणि बॅरलमधला माल जळायचा. तो वास अजून नाकात आहे.

2005 च्या मुंबईतल्या पुरानंतर राज्यात 50 मायक्रॉनच्या आतल्या पिशव्या बंद झाल्या; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गिऱ्हाईक किलोला किती नग बसतात ते मोजतं, त्यामुळे बाजारात चलती पातळ मालाचीच होती. मेहुणा म्हणाला, "दाजी, कायद्यातच राहू." जाडी मोजायचा डायल गेज घेतला. 50 मायक्रॉन म्हणजे आमच्या भाषेत 200 गेज. प्रत्येक रोल तीन ठिकाणी मोजायचा, दोन्ही कडा आणि मधे, कारण फिल्म कधीच सगळीकडे सारखी येत नाही. तो गेज आजही माझ्या टेबलावर आहे. कुणाला हात लावू देत नाही.

पुढची बारा वर्षं धंदा चालला. दुसरं मशीन आलं, मुलांची शिक्षणं झाली.

मग 23 मार्च 2018, राज्य सरकारचा आदेश. पिशवी हँडलची असो, बिनहँडलची असो, जाड असो, पातळ असो, सगळी बंद. बारा वर्षं 200 गेज सांभाळला तो कशासाठी? पातळ माल करणारा आणि मी एकाच ओळीत. हायकोर्टाने स्थगिती दिली नाही, फक्त माल संपवायला मुदत वाढवून दिली. 23 जूनपासून पहिला दंड 5000, दुसरा 10000, तिसऱ्यांदा सापडलात तर 25000 आणि तीन महिने कैद. दोन्ही मशीन बंद, कामावरची सहा मुलं बसून, बँकेचा हप्ता चालू.

आणि कंपनीतूनच पॅक होऊन येणारी वेफर्सची पुडी? तिला सूट. ती तर भंगारवालाही उचलत नाही. पाण्याच्या छोट्या बाटल्या मार्चच्या आदेशात बंद होत्या, तिथेही महिन्याभरात नियम सैल झाला. बाटलीवाल्यांची संघटना आहे, वकील आहेत, मंत्रालयात बोलायला माणसं आहेत. आमच्याकडे मेहुणा होता.

त्याच आठवड्यात रविवार पेठेतले फरसाणवाले शेठ स्कूटरवरून नऱ्ह्याला आले. पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. हातात कागदाची पुडी, अर्धा किलो भावनगरी. कागद तेलाने पारदर्शक झालेला, खालून फाटायला आलेला. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "असं विकतोय सध्या." मग खिशातून चेक काढला. "ॲडव्हान्स समजा. काय माल द्यायचा ते नंतर बघू." त्या चेकवर जूनचे पगार झाले. आठवड्याभरात दुकानदारांच्या पॅकिंगला अटींसह सूट मिळाली: 50 मायक्रॉनच्या वर, आणि पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव. म्हणून आमचं नाव पहिल्यांदा पिशवीवर छापलं गेलं, ते शेठच्याच ऑर्डरवर.

कुणी विचारलं नाही, तरी या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना सांगतो. मशीनच्या आधी राजपत्र वाचायला शिका. पर्यावरणाचा केंद्राचा नियम यायचा तर आधी मसुदा येतो, हरकती-सूचनांना 60 दिवस असतात. मोठ्या कंपन्यांची माणसं त्या 60 दिवसांत कामाला लागलेली असतात, आपण पेपरात बातमी आली की जागे होतो. मार्च 2021 च्या मसुद्यावर मी पहिल्यांदा लिहिलं: जाडी वाढवली तर किलोला किती पिशव्या कमी बसतील, माझ्याच रोलचे आकडे घालून. उत्तर आलं नाही. कॅरीबॅगची किमान जाडी आधी 75 आणि मग 120 मायक्रॉन झालीच. पण दर वेळी मोठ्यांचंच चालतं असंही नाही. 2022 मध्ये ज्यूसच्या छोट्या पाकिटांवरच्या प्लास्टिक स्ट्रॉवर बंदी येताना बड्या कंपन्यांनी मुदत मागितली, ती मिळाली नाही.

नियम बदलून घ्यायला सरकारात कोण कुणाला भेटतो, त्यावर किती खर्च करतो, हे आपल्याला कळतच नाही. अमेरिकेत 1995 च्या कायद्याने अशा कामाचा विषय आणि खर्च नोंदवावा लागतो. वॉलमार्टने भारताचा विषय तिथल्या कागदांत लिहिला म्हणून 2012 साली आपल्या संसदेत गदारोळ झाला, नाहीतर आपल्याला कुठून कळणार? निवडणूक रोखे कुणी घेतले तेसुद्धा 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केल्यावरच समजलं.

आणि आपण? 2019 ला पुण्यात लोकसभेला निम्मेसुद्धा मतदार बाहेर पडले नाहीत. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा तक्रार सांगायला नगरसेवकच उरला नाही. आता मत मागायला येईल त्याला मी एकच विचारतो: मसुदा आला तर आम्हाला बोलावणार का? बहुतेकांना मसुदा म्हणजे काय तेच सांगावं लागतं.

मेहुणा पूर्वी मतदानाच्या सुट्टीला पहाटेच सिंहगडावर जायचा. अजूनही जातो. फक्त आता आधी बोटाला शाई लावून घेतो, त्यामुळे वर पोहोचेपर्यंत झुणका-भाकरी संपलेली असते आणि त्याबद्दल तो मलाच बोलतो.