तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजी कादंबऱ्यांतले जर्मन

जर्मन भाषा येत असताना जर्मन आयुष्यावरच्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या कशाला वाचायच्या, आणि त्यांतले जर्मन खरे तरी असतात का? हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. विचारणाऱ्याचं मत बहुधा आधीच ठरलेलं असतं: इंग्रजांचा जर्मन म्हणजे एक तर शिस्तीचा गुलाम, नाहीतर बिअर पिणारा भाबडा.

तसे नमुने आहेतच. जेरोम के. जेरोम यांच्या १९०० सालच्या ‘थ्री मेन ऑन द बमेल’मध्ये पोलीस आणि नियम पानोपानी भेटतात. पण तो सायकलवरून हिंडणाऱ्या पाहुण्याचा जर्मनी आहे. ‘द इनिशियल्स’ (१८५०) लिहिणारी बॅरोनेस टाउटफ्यॉयस मूळची आयर्लंडची, लग्न होऊन बव्हेरियात राहिलेली. तिचा इंग्रज तरुण म्युनिकमधल्या एका कुटुंबात पैसे भरून राहतो, त्यामुळे घरातली माणसं रोजच्या वागण्यातून कळतात. म्हणून पुस्तक हातात घेतलं की आधी प्रकाशनाचं साल बघा, मग लेखक तिथे पाहुणा होता की संसार करून होता ते बघा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एलिझाबेथ फॉन आर्निम. जन्म सिडनीचा, नवरा प्रशियन काउंट, घर बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनिया प्रांतात, नासेनहाइडेच्या जमीनदारीत. १८९८ चं ‘एलिझाबेथ अँड हर जर्मन गार्डन’ लोक फुलांसाठी वाचतात. मी मजुरांच्या पानांसाठी वाचायला सांगते. शेतावर पोलंड-रशियाकडून हंगामी मजूर येतात. पुरुषांना रोज दीड ते दोन मार्क आणि पोटभर बटाटे. बायकांना त्याहून कमी, त्या बाई आहेत म्हणूनच. देखरेख करणाऱ्याच्या खिशात भरलेलं पिस्तूल, सोबत कुत्रा. बाळंत झालेली बाई काही तासांत पुन्हा कामाला लागते. जर्मन कादंबरीकार फोंटान याच्या ‘एफी ब्रिस्ट’चा (१८९५) बराच भाग त्याच पोमेरेनियात घडतो. ती थोर कादंबरी आहे, पण मजुरीचा हा हिशेब तिच्यात मिळत नाही. जमीनदाराच्या घरात आलेली परकी बाई तो मांडते.

यावर हमखास येतं: ‘मग तिचंच “क्रिस्तीन” काय?’ हे मात्र दुखतं.

‘क्रिस्तीन’ १९१७ मध्ये ॲलिस चोल्माँडली या खोट्या नावाने आलं. बर्लिनला व्हायोलिन शिकायला गेलेल्या इंग्रज मुलीची आईला लिहिलेली पत्रं, १९१४ च्या मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंतची. प्रस्तावनेत आई सांगते की ८ ऑगस्टला श्टुटगार्टच्या इस्पितळात मुलगी न्यूमोनियाने गेली. अनेकांनी ती पत्रं खरी मानली. त्यांत भाड्याच्या खोल्यांच्या जेवणाच्या टेबलावरचे सगळेच जण इंग्लंडवर तुटून पडतात, आणि युद्ध पुकारल्यावर अख्खं शहर आनंदाने बेभान होतं. वीस वर्षांपूर्वी एकेका माणसाला निरखणारी लेखणी इथे एका अख्ख्या लोकसमूहाला एकच तोंड देते.

लेखिकेची एक मुलगी १९१६ मध्ये जर्मनीतच वारली होती. इंग्लंड आणि जर्मनीत युद्ध पेटलेलं, मुलगी त्या बाजूला. हे कळल्यावर मी बरीच वर्षं ठासून सांगायचे की हे शोकाचं पुस्तक आहे, लेखिकेच्या खात्यात धरू नका. आता तसं म्हणवत नाही. शोक खराच, पण पत्रं खरी भासवून युद्धाच्या काळात बाजारात आणणं हा विचारपूर्वक केलेला उद्योग आहे. वाचणाऱ्यांनी शेजारच्या जर्मनाकडे त्याच नजरेने पाहिलं असणार. आणि तरीही, यामुळे नासेनहाइडेच्या मजुरांची पानं खोटी ठरतात, हे मला मुळीच मान्य नाही.

उलट या दोन पुस्तकांच्या मध्ये तिचंच १९०९ चं ‘द कॅरॅव्हॅनर्स’ आहे. निवेदक स्वतःच प्रशियन मेजर, बॅरन ओट्टो फॉन ओट्रिंगेल. बायकोला घेऊन इंग्लंडमध्ये घोड्याच्या गाडीतून सहलीला जातो आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःचा स्वार्थ उघड करतो. इथे राग आहे, पण तो एका नवऱ्यावर आहे. ‘क्रिस्तीन’मध्ये तोच राग देशावर पसरतो. तो नक्की कुठल्या पानापासून पसरला, यावर माझं अजून एकमत होत नाही, माझ्याशीच.

तेव्हा वाचायचंच असेल तर १८९८, १९०९, १९१७ या क्रमाने वाचा. ‘क्रिस्तीन’ची प्रस्तावना गाळलेली प्रत घेऊ नका, पत्रं खरी असल्याचा दावा तिथेच केलेला आहे.