तुम्ही विचारलंत म्हणून: पाच घेऊ की सात?

आमच्या ऑफिसात कुणाला नवा लॅपटॉप मागवायचा असला की फोन मला येतो. वेगळा आयटी विभाग आमच्याकडे नाही, त्यामुळे गेली बारा वर्षं हे काम माझ्याकडेच आहे. ऑफिसबाहेरचे मित्र, नातेवाईकही आता विचारू लागलेत. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "प्रोसेसर पाच घेऊ की सात?" कंपनीच्या साइटवर कॉन्फिगरेशनचं पान उघडलेलं असतं, पहिल्याच ओळीला हा पर्याय असतो आणि गाडी तिथंच अडते. परवा आमच्या हिशेब विभागातल्या ताईंनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून तासभर बसलो. तेच इथे सविस्तर लिहितो.

पाच-सातचं उत्तर आधी देतो, ते लवकर संपतं. पाच आणि सात हे प्रोसेसरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपच्या, नावातले दर्जाचे आकडे. त्या आकड्यापेक्षा नावाच्या शेवटचं अक्षर जास्त महत्त्वाचं असतं. इंटेलच्या कोअर अल्ट्राची पहिली पिढी घ्या. 'अल्ट्रा ७ १५५यू'मध्ये १२ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत आणि 'अल्ट्रा ५ १२५एच'मध्ये १४. जड कामाचे मोठे कोअर पहिल्यात २, दुसऱ्यात ४. यू म्हणजे १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेला, बॅटरी जपणारा. एच म्हणजे २८ वॉटचा, ताकदीचा आणि तापणारा. तेव्हा सात घेतला म्हणजे पाचापेक्षा जास्त मिळालंच, असं नाही. अक्षर एकच असेल तर पाच आणि सातमध्ये फरक असतो, पण पत्रं, एक्सेल, ब्राउझरचे वीस टॅब आणि दिवसाच्या दोन व्हिडिओ मीटिंग एवढ्या कामात तो जाणवत नाही. शिवाय सडपातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागाच कमी. तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो, मग वरचा आणि खालचा जवळजवळ सारख्याच चालीने चालतात. कोड कंपाइल करणाऱ्यांनी, व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी, मोठी थ्रीडी ड्रॉइंग फिरवणाऱ्यांनी वरचा घ्यावा, आणि एच घ्यावा. बाकीच्यांना मी पाच सांगतो आणि वाचलेले पैसे खाली न्या म्हणतो.

खाली म्हणजे पानाच्या खाली. हे पान नेहमी एका ठरावीक क्रमाने येतं: वर प्रोसेसर, मग विंडोज, रॅम (चालू कामाची मेमरी), एसएसडी (फायली साठवायची जागा), मग स्क्रीन, कॅमेरा, सिमची सोय, कीबोर्ड, बॅटरी, चार्जर, आणि अगदी तळाला वॉरंटी. वरून भरत येणारा माणूस रॅमपर्यंत पोचतो तोवर ठरवलेली रक्कम संपत आलेली असते. पुढच्या ओळींवर तो जे आधीच टिक केलेलं आहे तेच ठेवत सरळ खाली जातो. आणि आधीच टिक केलेला पर्याय सहसा सगळ्यात स्वस्त असतो. मी हे पान खालून वर भरतो. त्यामागे एक अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी लॅपटॉप मागवला, तेव्हा 'डब्ल्यूवॅन: नाही' या ओळीवर थांबलोच नाही. डब्ल्यूवॅन म्हणजे लॅपटॉपमध्येच सिम घालून मोबाइल नेटवर्कवर चालण्याची सोय. तेव्हा माझं काम एका टेबलावरचं होतं. वर्षभराने ते फिरतीचं झालं, आणि सकाळपासून हॉटस्पॉट चालू ठेवून दुपारी फोन बंद पडायला लागला. मॉडेमचं कार्ड सुटं मिळतं हे माहीत होतं. मागवलं, आणि एका रविवारी लॅपटॉप पालथा घालून खालचं झाकण उघडलं. स्लॉट होता. रिकामा, अगदी कार्डाच्या मापाचा, शेजारी स्क्रूची जागासुद्धा होती. त्याच्या बाजूला वायफायचं कार्ड होतं, त्यावर दोन बारीक तारा, एक काळी आणि एक राखाडी, टोकाला मोहरीएवढ्या पितळी टोप्या. तशाच तारा माझ्या कार्डाला हव्या होत्या, आणि त्या कुठंच नव्हत्या. टॉर्च लावून चिकटपट्टीखाली बघितलं, बॅटरीच्या कडेने बघितलं. नव्हत्याच. ही अँटेना स्क्रीनच्या मागे, वरच्या झाकणात असते आणि तार बिजागरीतून वळून खाली येते. मी 'नाही' ठेवलं होतं म्हणून कारखान्यात ती बसवलीच नव्हती. आता घालायची तर स्क्रीन उकलून वरचं अख्खं झाकण बदलावं लागणार होतं. कार्ड परत पाठवलं.

ऑर्डरच्या पानावर मला ही ओळ आता वेगळी दिसते. पुष्कळ बिझनेस मॉडेलांवर तिथे तीन पर्याय असतात: कार्डासकट, अजिबात नाही, आणि 'अपग्रेडेबल'. तिसऱ्यात कार्ड नसतं, पण अँटेना घालून ठेवलेली असते. पुढे फिरती लागेल अशी थोडीजरी शक्यता असली तरी हा तिसरा पर्याय घ्या.

असे आणखी काही पर्याय आहेत, जे लॅपटॉपच्या अंगातच बसवलेले असतात. बोटाचा ठसा वाचणारं बटण, चेहरा ओळखणारा इन्फ्रारेड कॅमेरा, स्मार्ट कार्डची खाच, कीबोर्डखालचा दिवा. यांतलं काहीही नंतर घालायचं म्हणजे झाकण किंवा तळहात टेकतो तो पत्रा बदलण्यापर्यंत जातं. स्मार्ट कार्ड बहुतेकांना लागत नाही, ते सोडा. इन्फ्रारेड कॅमेरा मात्र मी नेहमी घेतो. दिवसातून तीसेक वेळा स्क्रीन लॉक होते, आणि पासवर्ड टाकायचा कंटाळा आला की माणसं लॉकच बंद करून ठेवतात.

आता स्क्रीन. इथे मी सगळ्यांशी हट्टाने बोलतो. बिझनेस लॅपटॉपच्या यादीत आजही '३०० निट्स, ४५ टक्के एनटीएससी' असा पॅनेल मूळ पर्याय म्हणून दिसतो. निट्स म्हणजे उजेड. ३०० निट्स बंद खोलीत चालतात, खिडकीशेजारी बसलात की कमी पडतात. खरी अडचण दुसऱ्या आकड्यात आहे. एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांच्या पल्ल्याची दोन मापं. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम साठेक टक्के रंग. ताईंचा जुना लॅपटॉप तसाच होता. त्यांच्या एक्सेलमध्ये थकलेली बिलं फिक्या केशरी रंगात आणि तपासून झालेली फिक्या पिवळ्यात असतात. मी त्यांच्या स्क्रीनकडे बघितलं तर मला सगळा एकच धुरकट पट्टा दिसला. तीच फाइल माझ्या स्क्रीनवर उघडली तेव्हा दोन रंग स्वच्छ वेगळे दिसले. ताई म्हणाल्या, "अगोबाई, म्हणजे इतकी वर्षं मी डोळे फाडून बघत होते ते उगाच?" डोळ्यांचा नंबर वाढला असेल म्हणून त्या मधे तपासूनही आल्या होत्या. तेव्हा '१०० टक्के एसआरजीबी' आणि ४०० निट्स असा पर्याय दिसला तर तो घ्या, त्यासाठी सातचा पाच करावा लागला तरी. पृष्ठभाग मॅट, म्हणजे चकाकी न मारणारा. १९२० बाय १२०० आणि १९२० बाय १०८० यांत निवड असेल तर १२००. उंचीतल्या त्या १२० पिक्सेलांत एक्सेलच्या पाच-सहा ओळी जास्त मावतात. टचस्क्रीन लागतच असेल तरच घ्या, त्याने वजन वाढतं आणि बॅटरीही जरा जास्त जाते. फोरकेचा, म्हणजे चौपट पिक्सेलांच्या स्क्रीनचा, मोह १४ इंचांवर नको, अक्षरं मोठी करूनच वाचावी लागतात आणि चार्ज लवकर उतरतो.

रॅमबद्दल आकड्याच्या आधी एक गोष्ट शोधा: ती स्लॉटमध्ये आहे की बोर्डाला डाग देऊन बसवलेली. यादीत 'एसओडीआयएमएम' लिहिलं असेल तर स्लॉट आहे. 'एलपीडीडीआर५एक्स' लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ती सोल्डर केलेली असते, आणि आज जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. एलपीकॅम२ नावाचा एक नवा प्रकार आला आहे, त्यात ही वेगवान रॅमही स्क्रू काढून बदलता येते. लेनोवोच्या थिंकपॅड पी१च्या २०२४च्या पिढीत तो आहे. पण असे लॅपटॉप अजून मोजकेच. काही प्रोसेसरांत तर रॅम थेट चिपच्या पाकिटातच असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत १६ किंवा ३२ जीबी, एवढेच दोन पर्याय आहेत, आणि प्रोसेसर निवडला की रॅमही निवडून झाली. तिथे नावातला शेवटचा अंक बघा: २५६व्हीमध्ये १६ जीबी, २५८व्हीमध्ये ३२. अशा वेळी तो बारीकसा अंक पाच-सातच्या वादापेक्षा कितीतरी मोठा ठरतो.

किती घ्यावी? विंडोज ११ला किमान ४ जीबी लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, पण त्यावर काम करायला कुणाला बसवू नये. त्याच मायक्रोसॉफ्टने एआयच्या कामांसाठीच्या कोपायलट प्लस या वर्गाच्या लॅपटॉपसाठी किमान १६ जीबी ठेवली आहे. रॅम डाग दिलेली असेल आणि लॅपटॉप चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर मी ३२ सांगतो. दोन स्लॉट असतील तर १६ची एकच पट्टी घ्या आणि दुसरी खाच मोकळी ठेवा. ऑर्डर करताना वाढवलेली रॅम नंतर बाजारातून आणलेल्या पट्टीपेक्षा आजवर बहुधा महाग पडत आली आहे. एकच पट्टी असली की ग्राफिक्स थोडं मंद चालतं, ऑफिसच्या कामात ते कळत नाही. दुसरी घातली की तेही सुधारतं.

एसएसडीवर मी फार वेळ घालवत नाही. बहुतेक बिझनेस लॅपटॉपमध्ये ती एका स्क्रूने बसलेली असते आणि नंतर बदलता येते. फक्त लांबी बघून ठेवा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, २२४२ म्हणजे ४२ लांब, आणि आखूड जागेत लांब पट्टी बसत नाही. ५१२ जीबी पुष्कळ झाली.

विंडोजच्या होम आणि प्रो या आवृत्त्यांपैकी कामाच्या लॅपटॉपवर प्रो घ्या. होमवरून प्रोवर नंतर परवाना घेऊन जाता येतं, त्यामुळे चूक झाली तरी सुधारता येते. पण घरून ऑफिसच्या लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉपने शिरायचं असेल तर त्या लॅपटॉपवर होम चालत नाही, आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करण्याची, पूर्ण सोयही प्रोमध्येच आहे. व्हीप्रो ही पाटी दिसली तर घाबरू नका आणि भुलूही नका. इंटेलने २००६ मध्ये ती आणली, विंडोज सुरू होत नसतानाही दूर बसलेल्या माणसाला यंत्राचा ताबा घेता यावा म्हणून. शंभर लॅपटॉप सांभाळणारा विभाग असेल तर ती उपयोगाची. आमच्यासारख्या पंधरा जणांच्या ऑफिसात ती कुणी चालू करत नाही.

बॅटरीचे दोन आकार दिले असतील तर मोठा घ्या. लहान बॅटरीच्या शेजारी आत बरेचदा नुसती हवा असते, लॅपटॉप त्याने विशेष हलका होत नाही. आकडा वॉट-अवरमध्ये असतो. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी विमानात हातातल्या सामानात वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते, म्हणून सगळ्यात मोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या ९९ पाशी थांबतात. बिझनेस लॅपटॉप त्याच्या पुष्कळ खाली असतात, तेव्हा विमानाची काळजी नको.

आता पानाचा तळ, म्हणजे वॉरंटी. माझ्या लेखी ही प्रोसेसरच्या ओळीइतकीच विचार करून भरायची ओळ आहे. मूळ वॉरंटीत लॅपटॉप बरेचदा तुम्ही सेवा केंद्रात पोचवायचा असतो, आणि तो परत येईपर्यंत तुमचं काम थांबतं. 'ऑन-साइट' घेतलीत तर माणूस तुमच्या टेबलाशी येतो. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याकडे दुसरा लॅपटॉप नसतो, त्याने ही घ्यावीच. दोन गोष्टी बारीक अक्षरांत असतात, त्या वाचा. पहिली, लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची पुष्कळदा एकच वर्षाची असते. दुसरी, वॉरंटीत एसएसडी बदलून दिली तर बिघडलेली कंपनी घेऊन जाते. त्यात तुमच्या ग्राहकांचे कागद असतात. ती आपल्याकडेच ठेवायची सोय डेल, एचपी, लेनोवो तिघांकडे आहे, पण वेगळी मागावी लागते. वकील, डॉक्टर, सीए मला विचारतात तेव्हा मी त्यांना आधी ही ओळ दाखवतो.

कीबोर्डची मांडणी एकदा डोळ्यांखालून घाला. यूएस मांडणीत एंटर आडवा असतो आणि यूकेमध्ये उभा, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीची करंगळी चुकीच्या कळेवर पडत राहते.

सगळं भरून झालं की 'ऑर्डर' दाबण्याआधी पानाची पीडीएफ काढून ठेवा. एक पर्याय बदलला की दुसरा आपोआप बदलतो असं या पानांवर होतं. स्क्रीन बदलली की इन्फ्रारेड कॅमेरा गळलेला मी पाहिला आहे. म्हणून शेवटची यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा. शंका असेल तर मॉडेलचा पूर्ण तपशील लेनोवोच्या पीएसआरईएफवर आणि एचपीच्या क्विकस्पेक्समध्ये मिळतो. रॅम डाग दिलेली आहे का, स्लॉट किती, बॅटऱ्या कोणत्या, हे तिथे विक्रीच्या पानापेक्षा सरळ लिहिलेलं असतं. आपल्या मापाने बनवून घेतलेला लॅपटॉप परत घेण्याचे नियम तयार मालापेक्षा बरेचदा कडक असतात, तेही आधी बघून घ्या.

ताईंनी शेवटी पाच घेतला. ३२ जीबी, चांगली स्क्रीन, मोठी बॅटरी, तीन वर्षांची ऑन-साइट. खोकं आलं त्या दिवशी आम्ही पीडीएफ शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवली: टास्क मॅनेजरमध्ये रॅम, सेटिंगमध्ये विंडोज प्रो, कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख. मग त्यांनी ती थकलेल्या बिलांची फाइल उघडली.