शेवटचा तास चित्रकलेचा

मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलला प्रशाला म्हणतात. आमच्या घरी मात्र तिचे नाव ‘मोठी शाळा’ असेच होते. मी १९७५ साली पाचवीत तेथे दाखल झालो आणि मार्च १९८१ मध्ये दहावीची परीक्षा दिली. आपला तालुका त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा १५ ऑगस्ट १९८२ रोजी झाला.

सतरा सप्टेंबरचे झेंडावंदन, प्रभातफेरी, खो-खोचे तालुका सामने, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन, या सर्वांविषयी या स्मरणिकेत इतर जण लिहितीलच. मला लिहायचे आहे ते चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांविषयी, कारण त्यांच्यामुळे मला आयुष्यभराचे काम मिळाले.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांचे गुण त्या काळी दहावीत धरले जात नसत. तरीही आमचे चित्रकलेचे सर गणिताइतक्याच काटेकोरपणे त्यांची तयारी करून घेत. शाळेचा शेवटचा तास झाला की परीक्षेला बसलेली मुले-मुली थांबत. वस्तुचित्रासाठी शाळेचा एक पितळी तांब्या होता. कांदे, वांगी, काचेची बाटली आम्ही घरून आणायचो. तांब्याचा काठ हा वर्तुळ असूनही डोळ्यांना लंबगोल दिसतो, आणि आपण उभे राहिलो की तो लंबगोल रुंदावतो, हे सरांनी आम्हाला फळ्यावर न सांगता एकेकाला बाकावरून उठवून आणि पुन्हा बसवून दाखवले होते.

स्मरणचित्रासाठी एकदा त्यांनी ‘पाणवठा’ हा विषय दिला. मी आड, रहाट आणि डोक्यावर हंडा घेतलेल्या बायका काढल्या. सरांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि एका आकृतीवर बोट ठेवून म्हणाले, “हिच्या उजव्या हातात भरलेली कळशी आहे ना? मग ते खांद्याने सांगितले पाहिजे.” दुसऱ्या दिवशी पहाटे आडावर गेलो, तेव्हा आईचा उजवा खांदा किती खाली येतो आणि तोल सांभाळण्यासाठी डावा हात अंगापासून किती लांब जातो, हे मला पहिल्यांदा दिसले. रोज तिच्याबरोबर पाणी भरत असूनही तोवर ते माझ्या लक्षात आले नव्हते.

दहावीनंतर मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पुढे शासकीय सेवेत अनुरेखक म्हणून लागलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली, तेव्हा त्या कामातील काही नकाशे माझ्याही टेबलावर आले. घरातील माणसे गमावलेले लोक कार्यालयात येत, नकाशावर बोट फिरवीत आणि आपला भूखंड कोठे आहे ते विचारीत. त्यांना कोणाला विचारावे न लागता वाचता यावे, म्हणून मी भूखंडांचे क्रमांक आणि रस्त्यांची नावे ठसठशीत देवनागरीत लिहिली. ते अक्षरलेखन मला प्रशालेच्या त्या खोलीत शिकवलेले होते: आधी पेन्सिलीच्या दोन समांतर रेषा, मग अक्षराची उंची, आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी.

आता इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीत वाढीव गुण मिळतात, याचा मला आनंद आहे. मात्र गुणांसाठी महिनाभर घोटून घेतलेले चित्र आणि तीन वर्षे पाहायला शिकून काढलेले चित्र यांत मोठा फरक आहे, आणि त्यासाठी शाळेत पूर्णवेळ कलाशिक्षक असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. खाजगी वर्गाची फी भरू शकणाऱ्या मुलांना चित्रकला कोठेही शिकता येईल. ज्यांना ती भरता येत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेची शाळा हेच एक ठिकाण आहे. मी त्यांच्यापैकीच होतो.

दोन वर्षांपूर्वी मी सेवानिवृत्त होऊन गावी परतलो आहे. मुख्याध्यापकांची परवानगी असेल, तर दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास मुलांना वस्तुचित्र आणि अक्षरलेखन शिकवायला येण्याची माझी तयारी आहे. कागद आणि पेन्सिली मी आणीन. तांब्या शाळेत आहेच. गेल्या महिन्यात कपाटात पाहिला, नुसता घासून घ्यावा लागेल.