अक्षरांची भावकी: इंग्रजी शब्द पाठ करताना आलेला माझा अनुभव

बँकेच्या क्लार्क पदाच्या पूर्वपरीक्षेत 100 प्रश्नांपैकी 30 इंग्रजीचे असतात आणि त्यांना 20 मिनिटं मिळतात. गणित, रिझनिंग यांत आम्ही खानापूर तालुक्यातली मराठी शाळेची मुलं कुणाला ऐकत नाही. घोडं अडतं ते इथं. व्याकरण घासून घासून जमतं, पण क्लोझ टेस्टच्या, म्हणजे गाळलेल्या जागा भरायच्या उताऱ्यात दोन अनोळखी शब्द आले की पुढचा सगळा उताराच अंगावर येतो.

बेळगावात टिळकवाडीत खोली घेतली तेव्हा क्लासमध्ये शब्दांची जाडजूड झेरॉक्स मिळाली. 'ए'पासून 'झेड'पर्यंत. माझ्या आधी त्या खोलीत राहून गेलेल्या मुलीची प्रत कपाटात तशीच होती. 'सी'पर्यंत पेन्सिलीच्या खुणा, पुढं कोरी करकरीत. वर्णक्रम हा शब्द शोधायला बरा, लक्षात ठेवायला अगदी निकामी, असं माझं मत तेव्हाच झालं.

खोलीतली माझी जोडीदार बैलहोंगलची, कन्नड माध्यमातली. आमच्याकडे पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून मोर्चे निघतात, पण इंग्रजी स्पेलिंगपुढं दोघींची गत एकच. मराठी काय, कन्नड काय, लिहिलंय तसं वाचायची सवय. 'के-एन-ई-ई'ला 'नी' का म्हणायचं, हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी आम्हीच एका लांब वहीत तीन रकाने पाडले. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात माझा मराठी अर्थ, तिसऱ्यात तिचा कन्नड. आणि एका पानावर एकसारख्या अक्षरांचेच शब्द घ्यायचे ठरवलं.

'के-एन'चं पान सोपं गेलं. नी म्हणजे गुडघा, मोणकालु. नॉट म्हणजे गाठ, गंटु. नकल म्हणजे बोटाचं पेर, नीड म्हणजे कणीक मळणं. जुन्या इंग्रजीत हा 'के' उच्चारला जायचा. पुढं उच्चारातून गेला, लिहिण्यात राहिला. जर्मन लोक गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात. हे कळल्यावर तो 'के' आमच्या स्पेलिंगमधून कधी सुटला नाही.

खरी गंमत आली 'डब्ल्यू-आर'ला. क्लासच्या वाटेवर कुस्तीच्या मैदानाचं पोस्टर लागलं होतं, त्यावरून रेसलिंग शब्द निघाला. मग रिस्ट म्हणजे मनगट, रिंग म्हणजे ओले कपडे पिळणं, रेंच म्हणजे पाना किंवा हिसका देऊन पिळणं, रिंकल म्हणजे सुरकुती, रीथ म्हणजे फुलांचं वळलेलं चक्र, राइद म्हणजे वेदनेनं तळमळणं. सगळ्यांत पीळ आहे! राँगचाही मूळ अर्थ वाकडं असाच. मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तर एकाच भावकीतली माणसं की!" तेव्हापासून वहीचं नावच भावकी पडलं. राइट म्हणजे लिहिणं मात्र या भावकीतलं नाही, त्याचा जुना अर्थ ओरखडणं.

'एस-एन'ची भावकी नाकाची. स्नीझ शिंकणं, स्नोर घोरणं, स्निफ हुंगणं, स्नाउट जनावराचं नाकाड, स्नॉट शेंबूड, आणि परीक्षेत येणारा स्नीअर, म्हणजे नाक मुरडून हिणवणं. स्नेक आणि स्नो यांचा नाकाशी काही संबंध नाही, तेव्हा याला नियम समजू नका. अंदाज घ्यायला उपयोग होतो, एवढंच.

'सी-एच'चे तीन उच्चार होतात आणि त्यामागं कारण आहे. चेअर, चीज, चाइल्ड इथं साधा 'च'. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत 'क': केमिस्ट्री, स्टमक, एको, क्रॉनिक. यातल्या क्रॉनिकमध्ये काळ दडलाय. क्रॉनिक आजार म्हणजे जुनाट, क्रोनॉलॉजी म्हणजे कालक्रम, सिंक्रोनाइझ म्हणजे एकाच वेळी जुळवणं. फ्रेंचमधून आलेल्यांत 'श': शेफ, मशीन, ब्रोशर, पॅराशूट. शास्त्र आणि औषधपाण्याचा शब्द असेल तर आधी 'क' लावून बघायचा. बहुतेक वेळा बरोबर येतं.

पण सगळ्यांत जास्त मार्क कुणी मिळवून दिले असतील तर 'एस-पी-ई-सी-टी'नं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बघणं. इन्स्पेक्टर आत शिरून बघतो. स्पेक्टेटर म्हणजे प्रेक्षक. सस्पेक्ट म्हणजे खालून चोरून बघणं, म्हणून संशय. रिस्पेक्ट म्हणजे वळून पुन्हा बघणं. सर्कमस्पेक्ट म्हणजे चहूकडं बघून पाऊल टाकणारा, सावध. ऑस्पिशस म्हणजे शुभ, तोही याच घरातला, फक्त शेपूट वेगळं. रोममध्ये पक्ष्यांचं उडणं बघून कौल सांगणारे असत, त्यांच्यावरून तो आला. आणि आपल्या शकुनाचा संस्कृतातला एक अर्थ पक्षीच! शकुन कन्नडातही आहे, त्यामुळं त्या ओळीत दोन्ही रकान्यांत एकच शब्द पडला.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण क्लासवाले उलटं सांगतात. नुसते दिसायला सारखे असलेले शब्द एकाच दिवशी घेऊ नका. अडॅप्ट म्हणजे जुळवून घेणं, अडॉप्ट म्हणजे दत्तक घेणं, अडेप्ट म्हणजे निष्णात. तिन्ही शेजारी शेजारी पाठ केले की परीक्षेत हमखास एकमेकांच्या जागी बसतात. स्टेशनरीची ती जोडीही तशीच, एक 'ए-आर-वाय'ची स्थिर आणि दुसरी 'ई-आर-वाय'ची वह्या-पेनांची. आधी एक पक्का करायचा, वाक्यात दोनचार वेळा वापरायचा, मग पंधरवड्यानं दुसरा. अर्थ सारखा तर एकत्र, फक्त रूप सारखं तर लांब लांब.

'ओ-यू-जी-एच'ला यातलं काहीच लागू पडत नाही. दो, थ्रू, टफ, कॉफ, बाउ, थॉट, प्रत्येकाचा सूर निराळा. ते पान आम्ही नुसतं मोठ्यानं वाचून घोकलं. पूर्वपरीक्षेत उच्चार विचारतच नाहीत म्हणून त्यावर फार वेळ घालवला नाही.

प्रिलिम दोघींचीही निघाली. मेन्सचा अभ्यास चालू आहे, आणि वहीत सध्या 'एम-ए-एल' सुरू आहे, म्हणजे वाईटाची भावकी. मॅलिस, मॅलाइन, मलेरिया.