साड्यांखालचं कार्ड

धाकटी दीड महिन्याची होती तेव्हा, २००८ साली, मी तालुक्याच्या दवाखान्यात तांबी बसवून घेतली. कॉपर-टी ३८० ए. नर्सबाईंनी हातात कार्ड दिलं, 'दहा वर्षांनी काढायची' म्हणून बजावलं. कार्ड कपाटात साड्यांखाली गेलं आणि तांबी डोक्यातून गेली. त्रासच नव्हता, आठवण कशानं राहणार?

२०२३ मध्ये पाळी आठ-नऊ दिवस चालायला लागली. गाठी पडायच्या, जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. जाऊबाई म्हणाल्या, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. पहिल्या डॉक्टरांनीही तपासायच्या आधी तेच सांगितलं. आत काय बिघडलंय ते न बघताच पिशवी काढायची, हे मला पटेना.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आतून सोनोग्राफी केली. तांबी खाली सरकली होती, एक दांडी भिंतीत रुतली होती आणि दोरा दिसत नव्हता. त्यांनी केसपेपरच्या मागे पिशवीचं चित्र काढून समजावलं. तांबी असेपर्यंत अस्तराला सौम्य सूज राहतेच, जंतुसंसर्ग नसला तरी. त्या सुजेत आणि तांब्यापुढे शुक्रजंतू टिकत नाहीत, म्हणून दिवस राहत नाहीत. पण त्याच सुजेपायी रक्तही जास्त जातं. मी कॅन्सरचं विचारलं. तांबीमुळे अस्तराचा कॅन्सर होत नाही, उलट ती वापरणाऱ्या बायकांत तो कमी आढळतो, असं त्या म्हणाल्या. "पण तुमचं वय ४६. अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय मी काहीच ठरवणार नाही."

थोडी भूल देऊन दुर्बिणीतून तांबी काढली, तुकडाही घेतला. नंतर मी ती बघायला मागितली. तार काळी पडलेली, दांड्यांवर चुन्यासारखा पांढरा थर. पंधरा वर्षं हे माझ्या पोटात होतं.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी धड जेवले नाही. 'जुनाट सूज, कॅन्सर नाही.' चौदा दिवस अँटिबायोटिक, मग लोहाच्या गोळ्या. पाळी अजून बंद झालेली नाही, तेव्हा निरोध वापरा, हेही त्यांनी आठवणीनं सांगितलं. चौथ्या महिन्यात पाळी पाच दिवसांवर आली. पिशवी जागच्या जागी आहे.

रिपोर्ट हातात पडला त्याच संध्याकाळी वहिनीला फोन लावला. तिची तांबी २०१२ ची. कार्ड कुठे ठेवलंय, ते तिलाही आठवेना.