शांतीचं चिन्ह

मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेत, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना झाली की एकमेकांना शांतीचं चिन्ह द्यायचं असतं, हात जोडून किंवा हात मिळवून. त्या काळात मी आधी मागच्या बाकाकडे वळायचो. बायको शेजारीच उभी असायची, पण तिच्याकडे वळायचं मी टाळायचो. लग्नाला ११ वर्षं झाली होती.

भावासाठी मी तिला न विचारता कर्ज काढलं होतं. तिला ते बँकेच्या पत्रातून कळलं. भांडण एकदाच झालं. अबोला सात महिने चालला.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढं पापं कबूल करायला गेलो. लपवलं, खोटं बोललो, सगळं सांगितलं. फादरांनी विचारलं, "हे बायकोला सांगितलंत?"

"तिला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं. तुम्ही सांगितलंत का?"

पापक्षमा देऊन त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचायला सांगितला. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर. भावासाठी मी केवढं केलं होतं! तिच्याशी समेट मात्र राहूनच गेला होता. त्या रात्री तिच्यापुढं बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "ऐकलं. आता झोपू दे."

पुढं काही महिन्यांनी आम्ही नवरा-बायकोंसाठीच्या मॅरेज एन्काउंटर शिबिराला गेलो. फादर गाब्रिएल काल्व्हो यांनी स्पेनमध्ये सुरू केलेली ही चळवळ. पहिलं शिबिर १९६२ साली बार्सिलोनात झालं. दहा मिनिटं वेगवेगळं बसून एकमेकांना पत्र लिहायचं, वह्या बदलायच्या, वाचायचं, मग दहा मिनिटं बोलायचं. समोरच्याच्या भावनेला चूक किंवा बरोबर म्हणायचं नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. तिच्या वहीत पैशांबद्दल एक ओळही नव्हती. 'तू ठरवताना मी घरात नव्हतेच,' असं लिहिलं होतं.

तिथंच एक गोष्ट नीट कळली. कॅथलिक चर्चच्या आपल्या लॅटिन परंपरेत विवाहसंस्कार फादर देत नाहीत. ते चर्चच्या वतीनं संमती स्वीकारतात; संस्कार वधूवर एकमेकांना देतात. इतकी वर्षं मला वाटायचं, फादरांनी आमचं लग्न लावलं आणि काम झालं. मी तिला काय दिलं होतं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

घरी आल्यावर रोज रात्री पूर्ण रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळ, म्हणायचं ठरवलं. जमलं नाही. मन रागावलेलं असताना पन्नास 'नमो मारिया' नुसते ओठांवरून जातात. आता आम्ही एकच दशक, म्हणजे दहाच 'नमो मारिया', म्हणतो आणि संत इग्नेशियसच्या आत्मपरीक्षणाप्रमाणं दिवस आठवतो. आधी आभार, मग कुठं दुखावलं ते. क्रम उलटा केला की भांडणच होतं, हा आमचा अनुभव. एखाद्या रात्री आभार मानायला काही सापडत नाही, तेव्हा नुसते हात धरून बसतो.

तिला संत लुई आणि झेली मार्टिन जवळचे वाटतात. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी या दांपत्याला एकत्र संतपद दिलं. लुईंनी घड्याळांचं दुकान सोडून झेलीच्या लेसच्या व्यवसायाचा व्याप सांभाळला. आमचा महिन्याचा हिशेब आता प्रार्थनेनंतर, त्याच टेबलावर होतो. कर्जाचे १४ हप्ते अजून बाकी आहेत. भरलेल्या प्रत्येक हप्त्यापुढं ती तारीख घालते आणि वही माझ्याकडं सरकवते.